विनोबांची टकळी

एखादी बोलायला लागली आणि थांबायचं नावच घेईना, की आपण चटकन म्हणतो, हिची टकळी सुरू झाली. तोंडाची टकळी, जिभेची टकळी हे शब्द आपल्या बोलण्यात अगदी रुळलेले. पण खरीखुरी टकळी हातात धरलेल्या अशा किती जणी आपल्यात असतील? घरातल्या वयस्कर बायकांना विचारून पाहा. शाळेत सूतकताईचा तास असायचा, दप्तरात पाटी-पुस्तकांबरोबर टकळी आणि पेळू असायचे, सूत सारखं तुटायचं आणि गुरुजी रागवायचे, असं त्यातल्या कितीतरी जणी हसत हसत सांगतील. त्याच्याही आधी जानव्याचं सूत घरोघरी टकळीवर निघायचं. मेंढरांमागे चालता चालता धनगर टकळीवर लोकर कातायचे.

टकळी म्हणजे तरी काय? वीतभर लांबीची एक बारीक काडी, खालच्या बाजूला पितळेची किंवा लाकडाची गोल चकती, आणि वरच्या टोकाला सूत अडकवायला छोटासा आकडा. झाली टकळी. किंमत म्हणाल तर काही आणे. चरख्याला जागा लागते, माळ लागते, चाती वाकली तर कारागीर शोधावा लागतो. टकळी खिशात मावते.

या एवढ्याशा वस्तूवर एका फार मोठ्या माणसानं आपल्या आयुष्याची कित्येक वर्षं खर्ची घातली. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे. भूदानाचे विनोबा आपल्याला माहीत आहेत. गीताईचे विनोबा तर आपल्या देवघरातच आहेत. टकळीचे विनोबा मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात. मैत्रिणींनो, खरं तर तेच आपल्याला सगळ्यात जवळचे वाटावेत. कारण त्यांच्या टकळीमागे एक प्रश्न होता आणि तो बायकांच्या मजुरीचा होता.

लाख तांदूळ मोजणारी आई

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला. कापड रंगवण्याचं शास्त्र हा त्यांचा आवडीचा विषय. घरातही त्यांचे रंगांचे प्रयोग चाललेले असत. आई रुक्मिणीबाई. फारसं शिकलेली नव्हती, पण तोंडात सतत अभंग, हातात सतत काम. विन्या हा तिचा थोरला. या मुलाला गणिताचं भारी वेड आणि आईचं त्याहून जास्त.

आईनं एकदा देवाला लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला. रोज थोडे तांदूळ घ्यायचे, एकेक दाणा मोजायचा आणि वाहायचा. वडिलांना हे पाहवेना. हिशेबी माणूस ते. एक माप भरून त्यातले दाणे मोजावेत, मग लाखाला किती मापं लागतील ते काढावं आणि वर थोडे जास्त घालावेत, म्हणजे काम झालं, असा त्यांचा सल्ला. आईला काही उत्तर सुचेना. संध्याकाळी तिनं विन्याला विचारलं. त्यानं तिला समजावलं, की हे नुसतं गणित नाही, दाण्यागणिक देवाचं नाव घेतलं जातं, म्हणून एकेकच मोजायचा. आईला फार बरं वाटलं, आणि वडिलांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

एकेक दाणा मोजणाऱ्या आईचा हा मुलगा पुढे एकेक तार मोजत बसला, यात नवल ते काय!

विनोबांचं मन कॉलेजात रमलं नाही. एकदा आई चुलीपाशी असताना आपली शाळेची प्रमाणपत्रं त्यांनी चुलीतच घातली. कधीतरी उपयोगी पडली असती, असं आईला वाटलं. मुलाला मात्र त्यांचा कधीच उपयोग करायचा नव्हता. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून ते मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेलाच उतरून काशीला निघून गेले. तिथून ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींच्या भेटीला पोहोचले. तेव्हा त्यांचं वय होतं वीस वर्षांचं.

आईची साडी नदीला

आश्रमात तेव्हा सूतकताई नव्हती, हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. सुरुवात झाली ती विणकामानं. विनोबा खाटेची निवार विणायला शिकले आणि तासन् तास विणत बसू लागले. पण लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं, की विणायचं सूत गिरणीचंच आहे. गिरणीनं सूत दिलं नाही तर माग बंद. मग हाताचं सूत कोण काढणार? चरखा कुठे मिळणार? गांधीजींना तर तोवर चरखा धड पाहायलाही मिळाला नव्हता.

तो शोधून दिला एका बाईनं. गंगाबेन मजमुदार त्यांचं नाव. विधवा, धीट, घोड्यावर बसून एकट्या फिरणाऱ्या. १९१७ मध्ये भडोचला त्यांची गांधीजींशी भेट झाली, आणि त्यांनी गुजरात पालथा घालून बडोदा संस्थानातल्या विजापूर गावात चरखे शोधून काढले. तिथल्या बायकांनी चरखे केव्हाच माळ्यावर टाकले होते. कुणी पेळू पुरवणार असेल आणि सूत विकत घेणार असेल तर आम्ही पुन्हा कातू, असं त्यांचं म्हणणं पडलं. खादीची सगळी कहाणी तिथून सुरू झाली. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा व्यवहार होता तो बायकांच्या हातांचा आणि त्यांना मिळणाऱ्या दामाचा.

दरम्यान ऑक्टोबर १९१८ मध्ये इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत विनोबांची आई गेली. तिच्या वस्तूंपैकी दोनच त्यांनी आपल्याबरोबर घेतल्या. एक अन्नपूर्णेची मूर्ती आणि एक साडी. ही साडी घडी करून ते उशीसारखी डोक्याखाली घेत. कित्येक रात्री ते आईच्या साडीवर डोकं ठेवून झोपले. पुढे आश्रमात खादीच वापरायचं व्रत ठरलं. आईची साडी काही खादीची नव्हती. विनोबांनी साबरमतीत स्नान केलं आणि साडी नदीला अर्पण केली.

कुणाला हा कठोरपणा वाटेल. आईची साडी हातावेगळी करणं काय असतं, हे आपल्यासारख्या बायकांना वेगळं सांगायला नको. कपाटातल्या तळाच्या घडीत तसली एखादी साडी आपणही जपून ठेवलेली असते. पण विनोबांचा स्वभावच असा, की जे ठरलं ते आधी स्वतःच्या उशापासून सुरू करायचं.

कापसाच्या मुलखात

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्याला आले. जमनालाल बजाजांना वर्ध्यात साबरमतीसारखा आश्रम हवा होता आणि तो चालवायला त्यांनी गांधीजींकडे विनोबांना मागितलं होतं. वर्धा म्हणजे काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. कापूस इथे पिकायचा, गाठी बांधून दूरच्या गिरण्यांना जायचा आणि कापड होऊन दुप्पट-चौपट भावानं परत यायचा. शेतात वाकून कापूस वेचणारी बाई तेच कापड विकत घ्यायची.

इथे विनोबांनी कातण्याचा अभ्यास सुरू केला. अभ्यास हाच शब्द बरोबर. संस्कृत आणि वेदान्त ज्या निष्ठेनं ते शिकले, त्याच निष्ठेनं त्यांनी सूत काढणं शिकून घेतलं. आणि त्यातही त्यांचा जीव जडला तो टकळीवर.

टकळीवर सूत कसं निघतं ते थोडं सांगते, म्हणजे या माणसानं काय केलं ते कळेल. आधी कापसातली सरकी काढायची. मग तो पिंजून अगदी हलका, धुरासारखा करायचा. त्याचे बोटाएवढ्या जाडीचे लांबट पेळू वळायचे. पेळू डाव्या हाताच्या चिमटीत हलकेच धरायचा आणि उजव्या हाताच्या बोटांनी टकळीला गिरकी द्यायची. टकळी फिरली की पीळ वर चढतो. त्याच वेळी डावा हात हळूहळू वर न्यायचा, म्हणजे पेळूतून तंतू सुटत जातात आणि त्यांना पीळ बसून सूत होतं. हात घाईनं वर नेला तर सूत तुटतं. रेंगाळला तर गाठाळ, जाड होतं. चिमूट घट्ट झाली तर तंतू सुटत नाहीत, सैल झाली तर पेळूच निसटतो. हातभर सूत निघालं की थांबायचं, आकड्यातून सोडवायचं, काडीवर गुंडाळायचं, पुन्हा आकड्यात अडकवायचं आणि पुन्हा गिरकी.

ज्यांनी कधी पुरणपोळी लाटली आहे त्यांना हे लगेच कळेल. किती दाब द्यायचा हे पुस्तकात वाचून येत नाही, ते बोटांनाच कळावं लागतं.

चरख्याचं चाक एका फेऱ्यात चातीला कितीतरी गिरक्या देतं. टकळीला मात्र प्रत्येक गिरकी बोटांनी द्यायची, म्हणून टकळीचं काम सावकाश. बहुतेकांनी तिला मुलांचं खेळणं समजून बाजूला ठेवलं होतं. विनोबांनी उलटा विचार केला. ज्याच्याकडे चरख्याला पैसे नाहीत आणि चरखा ठेवायला झोपडीत जागा नाही, त्याच्याजवळ टकळी असू शकते. लहान मूल, म्हातारं माणूस, रस्त्यानं चालणारा, तुरुंगात बसलेला, कुणीही ती चालवू शकतं. मग तिच्यावरच वेग का वाढवू नये? बसावं कसं, हात कसा न्यावा, गिरकी कशी द्यावी, किती वेळात किती तार निघाले, तुटले किती, याची त्यांनी बारकाईनं मोजदाद ठेवली. एकच हात दुखून येतो म्हणून डाव्या हातानं टकळी फिरवायचाही सराव केला. टकळीवर इतकं सूत निघू शकतं यावर आधी कुणाचा विश्वास बसला नसता. या सगळ्या अनुभवावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

आणि हो, कातता कातता ते शिकवायचेही. समोर विद्यार्थी बसलेले, सगळ्यांच्या हातात सूत आणि मधे उपनिषदांचा नाहीतर गीतेचा पाठ. त्यांची हातातली टकळी आणि बोलणं दोन्ही बरोबर चालायचं. फरक इतकाच, की दोन्हीतून काहीतरी निघायचं!

आठ तास कातून किती आणे?

१९३२ साल विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात काढलं. गीतेवरची त्यांची प्रवचनं तिथलीच. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. आईला समजेल अशी मराठी गीता हवी होती, ती गीताईही त्याच वर्षी छापून झाली. आई मात्र ती वाचायला नव्हती.

तुरुंगातून सुटल्यावर १९३२ च्या डिसेंबरात विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडी या खेड्यात राहायला गेले. गावात वस्ती मुख्यतः दलितांची. आणि इथे तो प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला.

खादीचं काम तोवर देशभर पसरलं होतं. चरखा संघ गावोगावच्या बायकांकडून सूत विकत घ्यायचा. कातणाऱ्या जवळपास सगळ्या बायकाच. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी दुष्काळानं गांजलेली. एक-दोन नव्हे, लाखाच्या घरात. भाषणांतून त्यांचा फार गौरव व्हायचा. पण दिवसाचे आठ तास कातूनही त्यांच्या हातात एक-दोन आण्यांच्या वर पडत नसे. तेव्हा रुपयाला सोळा आणे. खादी महाग झाली तर कोण घेणार, म्हणून कातणावळ कमी ठेवलेली. थोडक्यात, खादी स्वस्त मिळावी म्हणून झळ कुणी सोसायची, तर जिला बोलता येत नाही तिनं.

विनोबांनी यावर सभा घेतली नाही, लेख लिहून मोकळे झाले नाहीत. ते स्वतः कातायला बसले. कातणारीला जो दर मिळतो तोच आपला दर धरायचा आणि त्यातून जे मिळेल त्यातच जगायचं, असं त्यांनी ठरवलं.

१ सप्टेंबर १९३५ पासून त्यांनी या नेमाला आणखी काटेकोर रूप दिलं. रोज चार गुंड्या सूत कातायचं. एक गुंडी म्हणजे ६४० तार आणि एक तार चार फुटांचा. चार गुंड्यांचा हिशेब मांडला तर रोजचं तीन किलोमीटरहून लांब सूत होतं! एवढं सूत काढायला सगळा दिवस जायचा. इतकं काम केल्यावर महिन्याला सुमारे सहा रुपये सुटावेत आणि तेवढ्यात एका माणसाचं भागावं, असा आडाखा. त्यासाठी आहारही तोळ्यांत मोजून ठरवला. रोज पन्नास तोळे दूध, तीस तोळे भाजी, पंधरा-वीस तोळे गहू, चार तोळे तेल आणि थोडा गूळ, मध किंवा फळ. एक तोळा म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅम. आपण डब्यात पीठ किती उरलंय ते पाहून महिनाअखेरीचा अंदाज बांधतो ना, तसाच हा हिशेब. फक्त तो एका ब्रह्मचाऱ्यानं मांडला होता.

इथे थोडं थांबून विचार करू या. विनोबा एकटे होते. त्यांच्या मागे पोरंबाळं नव्हती, सासूसासऱ्यांचं औषधपाणी नव्हतं, विहिरीवरून पाणी आणायचं नव्हतं, चूल फुंकायची नव्हती. कातण्यात त्यांचा हात इतका तयार, की देशात त्यांच्या तोडीचं फार थोडं कुणी असेल. अशा माणसाचा सगळा दिवस जातो तेव्हा कुठे एका पोटाची भरती होते. मग जिला मूल कडेवर घेऊन, भाकरी थापून, गुरांना चारा टाकून उरलेल्या वेळात कातायचं, तिनं त्या मजुरीत घर कसं चालवायचं? तिला सलग आठ तास मिळणार कधी?

या प्रयोगातून निघालेला खरा प्रश्न हा होता. आणि तो विचारण्याचा अधिकार विनोबांना मिळाला तो स्वतः कातल्यामुळे.

गांधीजींच्या मनातही तेव्हा हेच घोळत होतं. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळायला हवेत, अशी त्यांची इच्छा. ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला चरखा संघाची बैठक झाली आणि कातणारीला निदान पोटभर सकस अन्न आणि अंगभर कपडा मिळेल इतकी मजुरी दिली पाहिजे, हे तत्त्व मान्य झालं. आठ आण्यांपर्यंत मजल काही गेली नाही. पण दर वाढले, आणि आधीच्या मानानं चांगले वाढले. खादी महागली, विक्रेत्यांनी कुरकुर केली. कातणारीनंही खादीच वापरावी, अशी अट संघानं घातली. ती सगळ्याच बायकांना रुचली असेल असं नाही. पण बाजारात माल खपत नाही म्हणून मजुरी कमी, हा उलटा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा सुलटा झाला. आधी कातणारीचं पोट, मग कापडाची किंमत.

शरीरानं केलेली तक्रार

असं जगणं अंगावर आल्याशिवाय राहत नाही. मुळातच किरकोळ अंगकाठी, त्यात अपुरा आहार आणि दिवसभराचं काम. १९३८ च्या सुमाराला विनोबांचं वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोंवर आलं. गांधीजींना काळजी वाटू लागली. कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यावी, असा त्यांचा आग्रह. विनोबा गेले ते वर्ध्याहून जेमतेम पाच मैलांवर, धाम नदीकाठच्या पवनारला. जमनालालजींचा एक बंगला तिथे रिकामा होता. ७ मार्च १९३८ रोजी ते तिथे राहायला गेले. मनातले सगळे विचार बाहेर ठेवायचे, भरपूर हवा घ्यायची, बेताबेतानं खणायचं, असा दिनक्रम ठेवला आणि वर्षभराच्या आत वजन चांगलं चाळीस पौंडांनी वाढवलं.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. कारण कष्टाचं कौतुक करताना शरीर काय सोसतं ते आपण विसरतो. नालवाडीच्या त्या दिवसांनी हेच दाखवून दिलं, की नुसत्या चिकाटीवर माणूस जगत नाही. हातांना पुरेसं खायला मिळालं तरच ते हात चालतात. कातणाऱ्या बायकांची वजनं मात्र तेव्हा कुणी करून ठेवली नव्हती.

याच काळात टकळी शाळेत शिरली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हातानं काम करता करता शिकायचं, अशी नई तालीमची कल्पना पुढे आली. तिची आखणी करणाऱ्या डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीत विनोबाही होते. लहान मुलांच्या हातात पहिल्यांदा टकळी द्यायची, असं ठरलं. कापूस कुठून आला यातून भूगोल, किती तार झाले यातून गणित. आपल्या आया-आज्यांच्या दप्तरातल्या टकळीचं मूळ हे असं वर्ध्यात आहे.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी नाव जाहीर केलं ते विनोबांचं. देशभरातल्या लोकांना प्रश्न पडला, हे विनोबा कोण? तेव्हा गांधीजींनी लेख लिहून त्यांची ओळख करून दिली. त्या ओळखीत त्यांच्या विद्वत्तेबरोबर त्यांच्या टकळीचाही मानानं उल्लेख होता.

एक गुंडी सूत

पुढचे विनोबा सगळ्यांना ठाऊक आहेत. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन दान मिळाली आणि भूदान सुरू झालं. नंतर तेरा वर्षं हा माणूस पायी देशभर फिरला. लाखो एकर जमीन मिळाली. त्यातली बरीच नापीक निघाली, बरीच वाटली गेली नाही, हेही खरं. आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवर टीका झाली, तीही रास्त होती असं अनेकांना वाटतं. मोठी माणसंही सगळीकडे बरोबर असतात असं नाही.

पण सूत काही सुटलं नाही. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी पवनारला धाम नदीत विसर्जित झाल्या. दर वर्षी त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या हातानं कातलेली एक गुंडी अर्पण करावी, अशी कल्पना विनोबांनी मांडली. हार नको, फुलं नकोत, वर्गणी नको. फक्त ६४० तार. श्रीमंतालाही तेवढेच, गरिबालाही तेवढेच आणि विकत आणलेले चालणार नाहीत. आईच्या लाख तांदळांची आठवण येते ना? तिथेही घाऊक माप चालत नव्हतं, इथेही नाही.

२५ मार्च १९५९ रोजी पवनारलाच त्यांनी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. हा आश्रम बायकांचा. बायकांनी एकत्र राहावं, शेती, स्वयंपाक, छपाई सगळं स्वतः करावं, अभ्यास आणि साधना करावी आणि निर्णयही सगळ्यांनी मिळून घ्यावेत, अशी ही रचना. अध्यात्मातला अधिकार बायकांना पुरुषांच्या मागून मिळू नये, हे त्यांचं पक्कं मत होतं. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीत, याच पवनारला त्यांनी शांतपणे देह ठेवला. शेवटचे काही दिवस अन्न, पाणी आणि औषध त्यांनी आपणहून सोडलं होतं.

आज टकळीवर कातून कुणाचं घर चालणार नाही, हे उघड आहे. गिरणीपुढे ती कधीच टिकणार नव्हती. पण विनोबांचा प्रश्न अजून शिळा झालेला नाही. आपल्या गावात घरबसल्या विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, साडीला फॉल-पिको करणाऱ्या, वाती वळणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांची मजुरी ठरते नगावर, शेकड्यावर, किलोवर. कापूस वेचणारीची आजही किलोवरच ठरते. शंभर नगांना किती वेळ लागतो, पाठ किती दुखते, डोळ्यांवर किती ताण येतो, हे दर ठरवणाऱ्यानं स्वतः बसून कधी पाहिलेलं असतं का? आणि आपणसुद्धा शेजारच्या ताईंकडून ब्लाउज शिवून घेताना दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा त्या ब्लाउजला तिचे किती तास गेले असतील याचा हिशेब करतो का?

पुढच्या वेळी असा भाव करायची वेळ आली, तर नालवाडीच्या झोपडीत दिवसभर कातत बसलेले ते किडकिडीत विनोबा आठवून पाहा. दुसऱ्याच्या हातच्या कामाची किंमत ठरवण्याआधी त्यांनी ते काम स्वतःच्या हातानं केलं होतं. तेही एक-दोन दिवस नव्हे, अंगावरचं मांस झडेपर्यंत.